उसाच्या बिलातला कीबोर्ड



मागल्या पंधरवड्यात शेजारचे दाजी सकाळी सकाळी आमच्या ओसरीवर येऊन टेकले. धारा काढायची वेळ. एरवी हा माणूस वैरणपाणी उरकल्याशिवाय कुणाच्या दारात उभा राहत नाही. चहा बशीत ओतला आणि तो निवला तरी बशीकडेच बघत बसले. मी ओळखले, काहीतरी पैशाचे आहे.

"उसाचं बिल जमा झालं," ते म्हणाले.

"मग तोंड का असं?"

"पोरगं म्हणतंय, कॅसिओ घ्यायचा. दीड लाखाचा. एवढ्या पैशात एक दुभती गाय येती, वर पैसं उरत्यात. गाय दूध तरी देती. ह्ये काय देणार?"

आता बाहेरगावच्या वाचकांना सांगतो. आमच्या कडेगाव भागात ताकारी आणि टेंभूचे पाणी यायच्या आधी उसाचे बिल हा शब्दच निम्म्या घरांत नव्हता. ज्वारी-बाजरी करायची, शेळ्या राखायच्या आणि घरातला एखादा पोरगा सोन्या-चांदीच्या गलाईला परमुलखात धाडायचा, असा संसार होता. ज्या घरात ते दिवस अजून आठवतात, त्या घरात दीड लाख रुपये वाजवायच्या वस्तूत घालायचे म्हणजे दाजींचा चहा निवणारच.

पोरगा उनाड नाही. दिवसा शेत बघतो, रात्री देवळात भजनाला पेटी धरतो. पाच-सहा जणांनी मिळून ऑर्केस्ट्रा काढला आहे. यात्रा, गणपती, नवरात्र, बारसे, हळदी अशा सुपाऱ्या घेतात. त्याची धाकटी बहीण गाते आणि बरी गाते. ढोलकी दाजींचे भाऊ वाजवतात. त्यांना सगळे गाव काका म्हणते. तीस वर्षे गावच्या भजनी मंडळात या माणसाच्या हातावर वारकऱ्यांचे पाय नाचले आहेत.

खरी गोची तिथेच होती. दाजींनी ती दुसऱ्या कपाला सांगितली. पोरगा जेवताना बोलून गेला, "काका, नव्या कॅसिओत ढोलकी हाय. आता तुमी निवांत टाळ घ्या." काका काही बोलले नाहीत. भाकरी अर्धी टाकून उठले आणि दुसऱ्या दिवशी भजनाला आले नाहीत.

"तुमी पेटी वाजिवताय," दाजी म्हणाले, "तुमीच काय ते ठरवा."

मी पेटी वाजवतो हे खरे. ऐन उमेदीत ऑर्केस्ट्रात कीबोर्डही वाजवला, आणि त्याचे चटकेही खाल्ले. म्हणून या आठवड्यात खत-बियाणे बाजूला ठेवून हेच लिहितो आहे. दाजींच्या घरासारखी घरे आता गावोगाव झाली आहेत, आणि दुकानात गेल्यावर पोरांना तिथला माणूस सांगेल तेच ब्रह्मवाक्य वाटते.

आधी नावाचा घोळ. वनस्पती तूप म्हटले की डालडा, तसा आपल्याकडे पट्ट्यांचा कुठलाही विजेचा बाजा म्हणजे कॅसिओ. कॅसिओ ही हिशेबाची यंत्रे करणारी जपानी कंपनी. तिने आपला पहिला बाजा १९८० साली काढला. यामाहा, रोलँड, कोर्ग याही जपानीच. पण कंपनीपेक्षा जात महत्त्वाची. बैल आणि रेडा दोघांनाही शिंगे असतात, म्हणून कुणी एकाच्या जागी दुसरा विकत आणत नाही. कीबोर्डात नेमके तेच होते.

एक जात सिंथची. त्यात बासरी, सनई, सतार, व्हायोलिन असे शेकडो आवाज, ज्याला पोरे टोन म्हणतात. वाजवायचे सगळे तुम्ही. यात्रेच्या स्टेजवर तुम्हांला रोलँडचा एक्सपीएस-३० पुष्कळ दिसेल, तो या जातीचा. दुसरी जात अरेंजरची. सिनेमात गाण्याच्या चालीमागे कुठे व्हायोलिने, कुठे गिटार, कुठला ठेका हे ठरवणारा जो संयोजक असतो, त्याचे काम हे यंत्र करते. डाव्या हाताने कॉर्ड धरायची, म्हणजे तीन-चार सूर एकदम दाबायचे. यंत्र त्या सुरांवर ठेका, बास, गिटार असा सगळा ताफा आपोआप चालवते. उजव्या हाताने चाल वाजवायची. एक बटण दाबले की सुरुवातीचे म्युझिक, दुसरे दाबले की ठेक्यात भर, तिसरे दाबले की शेवट. यामाहाची पीएसआर-एसएक्स मालिका, कोर्गची पीए मालिका ही या जातीतली मोठी जनावरे. यामाहाच्या पीएसआर-आय मालिकेत आणि कॅसिओच्या ज्या मॉडेलांच्या शेवटी आयएन लागते त्यांत आपल्याकडचे तबला-ढोलकीचे ठेके घातलेले असतात. किमती काही हजारांपासून काही लाखांपर्यंत.

पोराला मी बोलावून विचारले, "डाव्या हाताच्या कॉर्डी येतात का?"

"येका बोटानं धरतो की मास्तर. मशीन बाकीचं भरतंय."

इथे बहुतेकांचे गाडे अडते. एका बोटाने सूर दाबला की यंत्र मेजर कॉर्ड धरते, म्हणजे त्यात शुद्ध गंधार आला. तुमच्या गाण्यात कोमल गंधार असेल, आणि आपले निम्मे अभंग नि विरहाची गाणी कोमल सुरांची, तर वर गाणारी कोमल लावते आणि खालून यंत्र शुद्ध ठोकत राहते. ऐकणाऱ्याला कळत नाही काय बिघडले, पण दाताखाली खडा आल्यासारखे होते. यामाहात मूळ सुरासोबत त्याच्या डावीकडची जवळची काळी पट्टी दाबली की मायनर मिळतो. पण खरा उपाय तीन बोटांची कॉर्ड शिकणे हाच. तीन महिने रोज तासभर बसले तर साधारण गाण्यांपुरते येते. ज्याला ते येत नाही त्याने दीड लाखाचा अरेंजर घेणे म्हणजे नांगरट न करता महागडे बियाणे टाकणे. मी पोराला हे तोंडावर सांगितले. तो रुसला नाही, वही काढून लिहून घेतले, तेव्हा मला बरे वाटले.

काकांच्या प्रश्नाला मात्र वहीत उत्तर नव्हते.

मी त्यांच्याकडे गेलो. गोठ्यात ढोलकीची दोरी ओढत बसले होते. मला बघून म्हणाले, "मशीन दमत न्हाई, पान खात न्हाई, वाटा मागत न्हाई. मग माझं काय काम?" मी म्हणालो, पेटीसुद्धा परदेशातूनच आली की. पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकात बाजा निघाला, कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास त्याला मांडी घालून वाजवता येईल असा हातभाता दिला, तेव्हा ती आपली झाली. आकाशवाणीने १९४० पासून पेटीला दार बंद केले होते, का तर तिच्यात मिंड निघत नाही, आपल्या श्रुती बसत नाहीत. ते दार किलकिले व्हायला १९७१ उजाडले. तोवर गावच्या भजनाने पेटीला कधीच घरची केली होती. आणि आपल्या मिरजेत काय झाले? तलवारींना धार लावणारे शिकलगार, हत्यारांचे दिवस गेल्यावर भोपळा घेऊन बसले आणि सतार-तंबोरे करू लागले. त्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

काकांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "व्हय, पर पेटीनं ढोलकीला उठवलं न्हवतं." मला उत्तर सुचले नाही. मी एवढेच म्हणालो, "उद्या दुकानात तुम्हीही चला. ढोलकी घेऊन."

दुसऱ्या दिवशी पोरगा, त्याची बहीण, काका, दाजी आणि मी असे पाच जण सांगलीकडे निघालो. दाजी पैशाची पिशवी मांडीवरून खाली ठेवीनात.

दुकानदाराने आधी काय केले असेल? डेमोचे बटण दाबले. त्यातून असे काही संगीत निघाले की दाजींचाही पाय हलू लागला. खरसुंडीच्या बाजारात शिंगे रंगवून, झूल घालून उभा केलेला खिलार बघावा तसे ते. आपण तिथे काय करतो? दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. इथेही तसेच करावे. मी डेमो बंद करायला लावला आणि म्हणालो, आता आमची पोरगी गाईल, पोरगा वाजवील, काका ढोलकी धरतील. आमची चार गाणी. एक अभंग, एक लावणी, एक कोळीगीत, एक सिनेमाचे.

आधी पट्टी. पोरगी काळी चारमध्ये गाते. पोराची बोटे काळी एकमध्ये बसलेली. पेटीवाल्याला अशा वेळी सारे बोटकाम बदलावे लागते. कीबोर्डात ट्रान्सपोजचे बटण असते. पाच पायऱ्या खाली उतरवले की बोटे काळी एकचीच राहतात आणि आवाज काळी चारचा निघतो. मोठी सोय आहे, आणि मोठा दगाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका यात्रेत मी असाच ट्रान्सपोज लावून बसलो होतो. लावणी रंगात आली, आणि जनरेटर क्षणभर धाप लागल्यासारखा झाला. दिवे मिणमिणले, पुन्हा लागले. कीबोर्डही बंद होऊन पुन्हा सुरू झाला, पण ट्रान्सपोज शून्यावर गेला. मला ते कळले नाही. मी म्युझिक धरले काळी एकमध्ये, बाईंनी मुखडा उचलला काळी चारमध्ये. खालून एक म्हातारा ओरडला, "मास्तर, बाई येका गावाला आन पेटी दुसऱ्या गावाला चाललीया!" अजून त्या गावातून जाताना मी मान खाली घालतो.

म्हणून कीबोर्डात रजिस्ट्रेशन मेमरी किती आणि कशी आहे हे बघावे. त्यात एका गाण्याचा टोन, ठेका, लय, ट्रान्सपोज असे सगळे एका बटणावर साठवून ठेवता येते. वीज गेली आणि आली तरी एक बटण दाबले की गाणे जागेवर. नव्या मॉडेलांत हे पेन ड्राइव्हवर काढून ठेवता येते, तेही करावे, कारण यंत्र बिघडले तर दुसऱ्या त्याच मॉडेलावर आपली गाणी चढवता येतात. आणि संगणकाला लावतात तसला साधा यूपीएस कीबोर्डापुरता वेगळा ठेवावा. कीबोर्डाला वीज फार थोडी लागते, पंधरा-वीस मिनिटे तो सहज निभावून नेतो. त्या यूपीएसवर हॅलोजन लावणारा एक शहाणा मी पाहिला आहे, त्याचे वर्णन इथे करीत नाही.

अडॅप्टरचेही सांगून टाकतो. कुठल्या कीबोर्डाला १२ व्होल्ट लागतात, कुठल्याला १६. पिन सारखीच दिसते. काही जुन्या कॅसिओंत तर पिनेच्या मध्यभागी ऋण असते, जिथे यामाहात धन असते. घाईत शेजारच्या पार्टीचा अडॅप्टर मागून खुपसला की गेले. मोटरीचे फेज उलटे जोडले तर पाणी येत नाही एवढेच, इथे पाटीच जळते. आपल्या अडॅप्टरला रंगीत चिकटपट्टी गुंडाळून ठेवा.

आता दुकानातली मुख्य परीक्षा, ठेक्याची.

दुकानदाराने मोठ्या मॉडेलवर ढोलकीचा ठेका लावला. आवाज झकास. खरी ढोलकी माइकसमोर ठेवून भरून घेतलेला आवाजच तो, झकास असणारच. पोरगी लावणी म्हणू लागली. पहिला चरण ठीक. पण लावणीची लय बाई चढवत नेते, अंतऱ्याला एक, मुखड्याला दुसरी, आणि शेवटाला तर ढोलकीवाला नि बाई यांची झुंज लागते. यंत्र आपले आहे त्याच लयीत. पोराने टेम्पोचे बटण दाबले तर एकदम हिसका बसून लय उडी मारू लागली. पोरगी थांबली. तिला श्वास कुठे घ्यायचा कळेना.

काका कोपऱ्यात बसले होते, ते नुसतेच म्हणाले, "ती थांबली की ढोलकी थांबती. ह्याला तिचं तोंड दिसत न्हाई."

मंडळी, कीबोर्डाच्या माहितीपुस्तकात पाचशे पाने असतील, त्यांत हे वाक्य नाही. अरेंजर घ्यायचा तर हेच मनात धरून घ्यावा. कार्यक्रमाचा किती भाग यंत्र पुढे आणि माणूस मागे चालेल, आणि किती भाग माणूस पुढे नि यंत्र मागे, याचा आधी हिशेब करावा. सिनेमाची गाणी मुळात ठरलेल्या लयीत भरलेली असतात, तिथे यंत्राने ताफा चालवावा, बहार येते. लावणी, गवळण, जागरण, अभंगाचा शेवटचा गजर, यांत लय माणसाची असते. तिथे यंत्राचा ठेका बंद करून कीबोर्ड साध्या पेटीसारखा, सनई-बासरीसारखा वाजवावा, आणि ढोलकीवाल्याने पुढे व्हावे. आमच्या पोराच्या कार्यक्रमाचा कागद काढला तर वीस गाण्यांत अकरा माणसाच्या लयीची निघाली.

मग मी दुकानदाराला तिसरी गोष्ट करायला लावली. अरेंजरच्या ठेक्याचे वेगवेगळे भाग असतात. ढोल-तबला निराळा, बास निराळा, गिटार निराळी, व्हायोलिनांचा पडदा निराळा. चांगल्या मॉडेलांत यातला प्रत्येक भाग वेगळा बंद-चालू करता येतो. ढोलकीचा भाग तेवढा बंद केला, बास आणि गिटार चालू ठेवली, आणि काकांना म्हणालो, धरा. कोळीगीत लावले. काका पहिल्या चार आवर्तनांना बिचकले. यंत्राचा बास त्यांच्यासाठी थांबणार नव्हता, त्यांनाच त्याच्या लयीत बसायचे होते. पाचव्या आवर्तनाला हात बसला. आठव्याला त्यांनी मध्येच एक अशी लग्गी टाकली की दुकानातला कामाला असलेला पोरगा खोकी उचलता उचलता थांबला. दाजींनी पिशवी खाली ठेवली ती तेव्हाच.

म्हणून वाचकांनी दुकानात ही सोय आहे का, ती एका बटणावर मिळते का चार पाने उलटावी लागतात, हे स्वतः दाबून बघावे. कार्यक्रमात अंधार असतो, घाम असतो, समोर पब्लिक असते. जे बटण दुकानात शोधावे लागते ते स्टेजवर सापडत नाही.

टोन किती आहेत ही संख्या मात्र सोडून द्या. आठशे टोन असले तरी स्टेजवर पंचवीस वापरले जातात. सनई, बासरी, पेटी, सतार, व्हायोलिन, गिटार हे सहा नीट ऐका, तेही दुकानाच्या गोड स्पीकरवर नको, मोठ्या स्पीकरला जोडून. पट्ट्या पूर्ण मापाच्या आणि ६१ असाव्यात, दाब कमी-जास्त केला की आवाज कमी-जास्त व्हावा. मिंडेसाठी डावीकडे चाक किंवा दांडी हवी, तिच्याशिवाय सनई ही सनई वाटत नाही. एका वेळी किती सूर वाजतात तो आकडा लहान मॉडेलांत ३२ किंवा ४८ असतो, मोठ्यांत १२८. ताफा चालू असताना लहान मॉडेलात मागचे सूर गळून पडतात, ते ऐकू येते. आणि आवाज बाहेर काढायची जागा बघा. घरगुती मॉडेलांत पुष्कळदा फक्त हेडफोनचे भोक असते, त्यातून मोठ्या साउंडला जोडले की घरघर येते. डावा-उजवा असे लाइन आउट वेगळे असावेत. साउंडवाल्याकडे एकच वायर असेल तर ती डावीकडच्या मोनो लिहिलेल्या जागी लावावी, उजवीकडे लावली तर अर्धे संगीत गायब होते आणि दोष वाजवणाऱ्यावर येतो.

वजनही हातात घेऊन बघा. मोठे अरेंजर दहा-बारा किलोंचे असतात आणि सव्वातीन फूट लांब. पोरे ते मोटारसायकलवर आडवे धरून नेतात. कडेगाव-विटा रस्त्यावर समोरून ट्रक आल्यावर मागे बसलेल्याने काय करायचे ते मला अजून कुणी सांगितलेले नाही. कडक पेटीचे पैसे कीबोर्डाच्या पैशात धरूनच निघावे.

जुना कीबोर्ड घेणाऱ्यांनी प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात अशी दोनदा दाबून बघावी. एखादी पट्टी एकदम ओरडत असेल किंवा मुकी असेल तर आतले रबर गेलेले असते. पेन ड्राइव्हची जागा हलते का बघावे. फ्लॉपीवर चालणारी जुनी मॉडेले स्वस्त मिळतात, पण फ्लॉपी आता कुठून आणणार? दुरुस्ती सांगली-मिरजेत होईल असेच मॉडेल घ्यावे. ऐन यात्रेच्या हंगामात मुंबईला पाठवलेला कीबोर्ड पावसाळ्यात परत येतो.

आपल्याकडचा सगळ्यात मोठा शत्रू मात्र कुठल्या जपानी इंजिनियराला ठाऊक नसेल. भंडारा! पालीच्या खंडोबाची किंवा आपल्या गावच्या बिरोबाची यात्रा असली की पिवळा धुरळा उडतो आणि तो पट्ट्यांच्या फटींतून थेट आत जातो. हळदीच्या कार्यक्रमाचीही तीच गत, गणपतीत गुलाल. वाजवणे थांबले की दोन मिनिटांसाठीसुद्धा वर कापड टाकावे. ओल्या फडक्याने पुसू नये, हळद आत घट्ट बसते. मऊ कोरडा कुंचला वापरावा.

आता पैसा. आजवर ही मंडळी कीबोर्ड भाड्याने आणत होती, कार्यक्रमाला दीड हजार. गेल्या वर्षी चौदा कार्यक्रम झाले. म्हणजे एकवीस हजार भाडे गेले. दीड लाखाचा घेतला तर नुसत्या वाचलेल्या भाड्यातून फिटायला सात वर्षे. तोवर तो टिकेल, पण बाजारात जुना झालेला असेल. सत्तर हजारांचा घेतला तर तीन वर्षे नि चार महिने. शिवाय कार्यक्रमाची वेळही पूर्वीसारखी रात्रभर राहिलेली नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षातले काही मोजके दिवस बारापर्यंत सवलत देते तेवढीच. आठला सुरू होणाऱ्या कार्यक्रमात दोनच तास मिळतात, त्यात एवढ्या मोठ्या यंत्राची निम्मी ताकदही वापरून होत नाही. एखादी मोठी सुपारी आलीच तर त्या दिवसापुरता मोठा भाड्याने आणता येतो.

हा हिशेब दुकानाबाहेर रसवंतीवर बसून दाजींनीच केला. पोराचा चेहरा पडला होता. दीड लाखाचा पडदा मोठा होता, त्यावर बोट ठेवले की चालत होता, कुणाला आवडणार नाही? मी काही बोललो नाही. बोलली ती पोरगी. म्हणाली, "दादा, मोठ्यावर तू बटनंच बघत हुतास. बारक्यावर माझ्याकडं बघून वाजवलंस."

मधला घेतला. सत्तरच्या थोडा आत बसला, कडक पेटी, स्टँड आणि पायाचा पेडल धरून सत्तरच्या थोडा वर. भाग वेगळे बंद करता येतात, लाइन आउट दोन आहेत, गाणी पेन ड्राइव्हवर निघतात. उरलेल्या पैशाचे दाजी काय करणार ते विचारू नका, गाय बघायला परवा ते तासगावकडे गेले होते. मुलाने लेखी कबूल केले आहे की भाड्याचे दीड हजार दर कार्यक्रमाला बापाच्या हातात ठेवीन. घरात लिहून घेणे दाजींच्या बायकोला आवडले नाही, पण पार्टीत सहा जण आहेत, आणि उद्या पार्टी फुटली तर कीबोर्ड कुणाचा यावरून डोकी फुटतात हे मी पाहिले आहे. बिल दाजींच्या नावावर केले आहे, त्यावर मशीनचा नंबर घातला आहे, आणि ते सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवले आहे.

परवा पहिला कार्यक्रम झाला, गावातच, एका बारशाचा. मी मुद्दाम मागे उभा होतो. पहिले भक्तिगीत कापरे गेले, पोराची डावी बोटे घामाने घसरत होती. लावणीला त्याने ठेका बंद केला आणि मान काकांकडे वळवली. काकांनी धरली. नंतर सिनेमाचे एक पळते गाणे आले तेव्हा काकांनी आपणहून ढोलकी मांडीवरून खाली ठेवली आणि म्हणाले, "ह्याला तुजं मशीनच लाव. माझा हात आता तेवढा पळत न्हाई." आणि खिशातून पानाची चंची काढली.

काल सकाळी काकूंनी जुन्या इरकली लुगड्याचे दुपदरी झाकण शिवून कीबोर्डावर घातलेले मी पाहिले. काठ अगदी पट्ट्यांच्या मापाने बसवला आहे. पोरगी म्हणत होती, सुट्टीत डाव्या हाताच्या कॉर्डी मलाही शिकवा. पेटी घेऊन या म्हणालो, तीन बोटे आधी पेटीवर.